अर्ज कोणी मागे घेतला?

१

गुरुवारी सकाळी पावणेसातला माझ्या वडिलांचा अर्ज गेला. मी ओट्यापाशी उभी होते, चहा गॅसवर होता आणि हातात फोन होता. तीन वर्षं आणि दोन महिने माझा दिवस असाच उजाडत आलाय. आधी चहाचं आधण, मग अप्पांना कायमचं इकडे आणायच्या अर्जासाठी इमिग्रेशनची साइट. साइट आधी अर्जाचा अकरा आकडी नंबर मागते, मग अप्पांची जन्मतारीख मागते आणि मग मी यंत्र नाही हे सिद्ध करायला लावते. नऊ चित्रं दाखवून म्हणते, यातल्या पायऱ्या निवडा. मी निवडते. ती म्हणते, चूक. आता चित्रातल्या शिडीला पायऱ्या म्हणायचं की नाही, हे भल्या सकाळी मला कोण सांगणार? एवढा उपद्व्याप झाला की पानावर तीन शब्द येतात, 'प्रक्रिया सुरू आहे'. ते वाचायचे, मनातल्या मनात एक शिवी हासडायची आणि चहा गाळायचा.

त्या दिवशी तीन शब्द नव्हते. एक अख्खं वाक्य होतं. 'अर्जदाराच्या विनंतीवरून अर्ज मागे घेण्यात आला आहे. मंगळवार, सकाळी ११:०७.'

मी ते चार वेळा वाचलं. नवरा आतून ओरडला, “अगं, चहा उतू गेला!”

“अप्पांचा अर्ज गेला!” मी म्हटलं.

“कुठे गेला?”

काय बोलायचं अशा माणसाशी? मी सरळ त्यांच्या चौकशी खात्याला फोन लावला. 'आपण रांगेत एकशे बाराव्या आहात', असं एक बाई गोड आवाजात दर दोन मिनिटांनी सांगत होती. चाळीस मिनिटांनी खरी बाई आली.

“मागे घेतलाय, असं दिसतंय,” ती म्हणाली.

“ते मलाही दिसतंय हो! कोणी घेतला?”

“अर्जदारानं.”

“अर्जदार म्हणजे माझे वडील. ते तिकडे, हजारो मैलांवर. वय एकाहत्तर. त्यांना साधा ई-मेल उघडता येत नाही!”

“मग त्यांनाच विचारून बघा ना,” बाई म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. पुढे तिनं सांगितलं ते असं. हा मंगळवार कालपरवाचा नाही, मागच्या आठवड्यातला. मागे घेतलेला अर्ज साइटवर दिसायला कामाचे सात दिवस लागतात. चौदा दिवसांच्या आत, म्हणजे येत्या मंगळवारपर्यंत, कोणाच्या चुकीनं हे झालं ते लिहून आणि त्याखाली अर्जदाराची सही घेऊन पाठवलं तर अर्ज पुन्हा जिवंत होईल. नाहीतर नवा भरायचा. नव्या अर्जाची रांग सध्या सात वर्षांची आहे.

अप्पा एकाहत्तर, अधिक सात. आई गेल्यापासून ते तिकडे एकटे. गेल्या पाच वर्षांत मी त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मला माझे वडील माझ्या घरात हवे होते आणि त्यासाठी माझ्या हातात पाच दिवस होते.

“आणखी एक,” बाई म्हणाली, “मागे घ्यायचं बटण दाबलं की खात्रीसाठी एक पत्र तुमच्याच ई-मेलवर येतं. त्याला होकार दिल्याशिवाय काही होत नाही.”

मी सगळा ई-मेल उपसला, कचराही उपसला. असं पत्र आलंच नव्हतं. अर्जाचा नंबर असलेली हिरवी फाईल ओट्याखालच्या खणात असते आणि तिला हात लावणारी माणसं मोजून तीन. मी, माझा नवरा आणि माझी नणंद.

२

मी मोठ्या धुलाई कारखान्यात कामाला आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे येतात, आम्ही ते मोजून गाठोडी बांधतो, गाठोड्याला चिठ्ठी लावतो आणि यंत्रात नंबर टाकतो. त्या दिवशी माझं लक्ष कुठलं लागतंय! एका हॉटेलचं गाठोडं धुऊन तयार होत आलं होतं. त्याची चिठ्ठी ओली दिसली म्हणून मी नवी चिठ्ठी फाडली, लावली आणि नंबर टाकून मोकळी झाले. दहा मिनिटांत मुकादम तणतणत आला.

“नवी लावली की जुनी आपोआप बाद होते, हे आठ वर्षांत कळलं नाही का तुला? गेलं ते गाठोडं रांगेत शेवटी! आता हॉटेलवाल्याला तू तोंड दे!”

एरवी मी गप्प ऐकून घेतलं नसतं, पण माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुकादम बिचारा गडबडून निघून गेला. पलीकडच्या टेबलावरून डागमावशी उठून आल्या.

डागमावशी आमच्याकडे डाग बघतात. तेवढंच काम. चादर उजेडात धरतात आणि सांगतात, हा गंजाचा, ही शाई, हे औषध, हा पुसायचा प्रयत्न करून कोणीतरी वाढवून ठेवलेला. पंचवीस वर्षांत त्यांचं चुकलेलं कोणी पाहिलेलं नाही. आवाज हळू, चष्मा जाड आणि स्वभावानं अशा चिवट की मुकादमही त्यांना अहोजाहो करतो.

मी भडाभडा सगळं सांगितलं. मावशी हातातल्या चादरीची घडी घालत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अप्पांना विचारलंस?”

“मावशी, तुम्ही पण! त्यांना काय कळतंय त्यातलं? उगाच जिवाला घोर लागेल त्यांच्या. अर्ज मी भरला, कागद मी जमवले. त्यांनी फक्त मी पेन्सिलीनं फुली केली होती तिथे तिथे सह्या केल्या.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. “मग कोणावर संशय आहे तुझा?”

“नणंदेवर!” मी म्हटलं. “दुसरं कोण असणार?”

“ऐक. डाग दिसला की तू लगेच घासायला घेतेस. घासलं की पसरतो. आधी उलटून बघायचा. ज्या बाजूनं आला, त्या बाजूला गडद असतो. संध्याकाळी येते मी तुझ्याकडे. तोपर्यंत घरात एक अक्षर बोलू नकोस.”

एक अक्षर न बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. पण पाच दिवसांचा प्रश्न होता.

३

नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मीही तिला ताईच म्हणते. दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. तीन वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली, ती मागच्या छोट्या खोलीत अजून आहे. ती खोली अप्पांसाठी आहे हे मी तिला पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे. गेल्या महिन्यात तर मी स्पष्टच म्हटलं होतं, “ताई, आता वर्षभरात केव्हाही बोलावणं येईल, तुम्ही दुसरीकडे जागा बघायला लागा.” त्यावर तिनं नुसती मान हलवली होती. मला सांगा, याच्यापेक्षा सरळ कारण कुठलं असतं?

पण मावशी आल्या त्या आधी माझ्या नवऱ्यासमोर बसल्या. हा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांना वरखाली करून घरी आला की सोफ्यावरून हलत नाही.

“तुम्ही साइटवर शेवटचं कधी बघितलं होतंत?” मावशींनी विचारलं.

“मी? छे! ते खातं हिचं,” नवरा म्हणाला. “मी हिला रोज सांगतो, काय सारखं बघतेस, बघून काय होणारे?”

“जरा फोन देता तुमचा?”

मावशींनी साइट उघडली आणि मला अर्जाचा पहिला आकडा विचारला. मी सांगितला. तो एक आकडा टाकला आणि पुढचे दहाच्या दहा आकडे फोननं आपले आपण भरून टाकले. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

“म्हणजे?” मी ओरडले. “तुम्हीच?”

“अगं, तसं नाही...”

“मग कसं?”

त्यानं मान खाली घातली. “दिवसातून तीनदा बघतो. लिफ्टच्या मशीनच्या खोलीत बसून. आज तरी काही आलं असेल, तर तुला फोन करून मीच पहिल्यांदा सांगावं, म्हणून.”

तीन वर्षं हा माणूस मला नावं ठेवत होता, आणि स्वतः चोरून शिडी आणि पायऱ्यांत डोकं घालत होता! राग येत होता आणि धड रागावताही येत नव्हतं.

“त्या मंगळवारी सकाळी अकरा सातला कुठे होतात?” मावशींनी शांतपणे विचारलं.

“सतरा मजली इमारत, लिफ्टच्या खड्ड्यात. खाली उतरताना फोन वर पेटीत ठेवून कुलूप लावायचं, असा नियम आहे. वहीत वेळ लिहिलेली असते. साडेदहा ते एक.”

मावशींनी मान डोलावली आणि हिरवी फाईल मागितली. एकेक कागद काढून टेबलावर मांडला. आईचा मृत्यूचा दाखला, अप्पांचा जन्मदाखला, पासपोर्टच्या प्रती. शेवटी एक छोटं पाकीट निघालं.

“हे काय?”

“अप्पांचे फोटो. पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले, साइटच्या मापाचे. जास्तीचे सहा मागवून ठेवलेत, ऐनवेळी लागले तर.”

मावशींनी पाकीट टेबलावर रिकामं केलं. फोटो चारच होते.

मागच्या खोलीचं दार बंद होतं. ताई डोकं दुखतंय म्हणून जेवायलाही बाहेर आली नव्हती.

४

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मावशी मला फॉर्मवाल्याकडे घेऊन गेल्या. फॉर्मवाला म्हणजे कारखान्यामागच्या गल्लीतलं छोटं दुकान. एक झेरॉक्सचं यंत्र, एक कॉम्प्युटर, आणि भिंतीवर कागद, 'सर्व प्रकारचे ऑनलाइन अर्ज भरून मिळतील'. अप्पांचे कागद तीन वर्षांपूर्वी यानंच स्कॅन केले होते. मला बघून तो एरवी “या वहिनी, आला का निकाल?” म्हणून दात काढायचा. आज त्यानं कॉम्प्युटरमधून मान वर केली नाही.

“अर्ज मागे घेतला गेलाय,” मी म्हटलं. “तुम्ही काही केलंत का?”

“मी? मी कशाला मागे घेऊ? देवाशप्पथ, मी कुणाचा अर्ज मागे घेतलेला नाही!”

“दुकान किती वाजता उघडतोस बाळा?” मावशींनी विचारलं.

“अकराला.”

“मागच्या आठवड्यात मंगळवारी उघडलंस तेव्हा पहिलं गिऱ्हाईक कोण होतं?”

“आता... एवढं कुठे लक्षात राहतं, मावशी?”

“काय काम होतं त्याचं?”

“झेरॉक्स असेल. नाही, स्कॅन. नाही म्हणजे...” तो ततपप करायला लागला. “हे बघा, एका गिऱ्हाइकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, असं माझं तत्त्व आहे.”

“चांगलं आहे,” मावशी म्हणाल्या. “पण मघाशी तुला आठवत नव्हतं. आता आठवतंय पण सांगायचं नाही.”

त्याच्या कपाळावर घाम आला. मी काउंटरवर हात आपटून ओरडणार होते, पण मावशींनी माझं कोपर धरून मला बाहेर काढलं.

“तो खोटं बोलतोय, मावशी!”

“शपथ मात्र खरी घेतलीन त्यानं,” मावशी म्हणाल्या. “अर्ज मागे घेतला नाही, म्हणाला. तेवढं बोलताना तो माझ्याकडे बघत होता. बाकी सगळं बोलताना यंत्राकडे.”

“मग घेतला कोणी?”

“तेच तर,” मावशी म्हणाल्या. “कोणीच घेतला नसेल तर?”

माझं डोकं भणभणायला लागलं. साइट म्हणते घेतला, आणि या म्हणतात कोणीच नाही. मला वाटलं, मावशींचंही वय झालं.

५

त्या संध्याकाळी मी अप्पांना फोन केला. अर्जाचं काही सांगायचं नाही, नुसता आवाज ऐकायचा, असं ठरवून. अप्पा आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त करत आले आहेत. फोन उचलला तेव्हाही मागे चाकाची खडखड चालू होती.

“बोल गं.”

“कसे आहात?”

“मजेत. जरा थांब, दोरी चढवतोय.” मग थोड्या वेळानं, “काय गं, तिकडे आत्ता थंडी कितपत आहे? दोन स्वेटर पुरतात का?”

“अहो अप्पा, अजून वर्ष तरी आहे तुम्हाला यायला! तेव्हाचं तेव्हा बघू.” माझा आवाज चढला. आधीच जीव मेटाकुटीला आलेला, त्यात हे स्वेटर.

“हो हो, सहज आपलं विचारलं. ताई आहेत का जवळ?”

“त्यांच्याकडे काय काम आहे?”

“काही नाही. नमस्कार सांग.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्यापाशी पाणी पीत होती. मला बघितलं आणि पेला अर्धा ठेवून खोलीत निघाली. मावशींची तंबी होती म्हणून मी दातांखाली जीभ धरली.

शनिवारी आमची अर्धीच पाळी असते. पाळी संपल्यावर मी मावशींना गाठलं. त्या उलट्या टोपलीवर बसून डबा खात होत्या. मी त्यांना अप्पांचा फोन शब्दन् शब्द सांगितला, तक्रार म्हणून. “बघा, इथे मी मरतेय आणि त्यांना स्वेटरची पडलीय!”

मावशींचा घास हातातच राहिला.

“त्यांनी 'आत्ता' म्हटलं? आत्ता थंडी किती, असं?”

“हो.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “झालं. मिटलं तुझं काम. तुझ्या अर्जाला कोणी हात लावलेला नाही.”

६

“मावशी, कोडी नका घालू. मला मंगळवारच्या आत कागद पाठवायचाय.”

“कोडं नाही गं. तुला मागे घेतल्याच्या खात्रीचं पत्र आलं का?”

“नाही.”

“म्हणजे ते बटण कोणी दाबलंच नाही. तरी अर्ज बाद झाला. आता मला सांग, परवा त्या हॉटेलचं गाठोडं रांगेतून बाहेर कोणी काढलं?”

“कोणी काढलं नाही. मी नवी चिठ्ठी लावली, म्हणून जुनी...”

मी तिथेच थांबले.

“एका गाठोड्याला दोन चिठ्ठ्या नसतात,” मावशी म्हणाल्या. “एका माणसाचे दोन अर्जही नसणार. कोणीतरी अप्पांच्या नावानं नवा अर्ज भरला. यंत्रानं जुना आपोआप बाद केला आणि लिहून टाकलं, अर्जदाराच्या विनंतीवरून. नव्या अर्जाला फोटो लागतात. तुझे दोन कमी आहेत. कागद स्कॅन केलेले लागतात. ते फॉर्मवाल्याकडे आहेत. तो अकराला उघडतो, अकरा सातला अर्ज गेला, आणि पहिलं गिऱ्हाईक त्याला आठवत नाही. भरताना खालची बारीक अक्षरं त्यानं वाचली नसणार. आता कळलंय म्हणून घाम फुटलाय. बरं, मंगळवारी सकाळी तुम्हा तिघांत मोकळं कोण असतं?”

“ताई,” मी म्हटलं. “तिच्या दवाखान्याला मंगळवारी सुट्टी.” आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “खोलीसाठी! खोली सोडायला नको म्हणून त्या बाईनं माझ्या बापाचा...”

“थांब. घासू नकोस. जिला खोली सोडायची नाही, ती तुझ्या वडिलांना इकडे बोलवायचा अर्ज भरेल का?”

मी शेजारची टोपली उलटी करून तिच्यावर बसले.

“लवकर येता येईल, असा अर्ज कुठला असतो?”

“पाहुण्यांचा. दीड-दोन महिन्यांत होतो. पण राहता येत नाही. थोडे दिवस यायचं आणि परत जायचं.”

“आणि तुझे अप्पा आत्ताची थंडी विचारतायत. ताईंना नमस्कार सांगतायत. म्हणजे ज्यांना तू काही विचारत नाहीस, त्यांना सगळं माहीत आहे.” मावशींनी चष्मा काढून पदरानं पुसला. “आता घरी जा आणि ताईशी नीट बोल. ओरडू नकोस.”

मी घरापर्यंत ओरडले नाही. दारातून आत गेल्यावर ओरडले.

“ताई! तुम्ही अप्पांचा दुसरा अर्ज भरलात?”

ताई पलंगावर बसली होती. गुरुवारपासून ती या प्रश्नाची वाटच बघत असावी. “हो,” ती म्हणाली. “मीच भरला. पण त्यानं पहिला बाद होईल हे मला खरंच माहीत नव्हतं गं. परवा सकाळी तू फोनवर बोलत होतीस, तेव्हा कळलं. फॉर्मवाल्याकडे धावत गेले. तो म्हणाला, गप्प बसा, होईल काहीतरी. मी भित्री, बसले गप्प.”

“पण भरलात कशाला? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

“अप्पांनी.”

“खोटं!”

“तू कामावर असतेस ना, तेव्हा येतो कधी कधी त्यांचा फोन. म्हणाले, 'ताई, एवढं काम करा. पण तिला सांगू नका, ती चिडेल.'” ताईनं डोळे पुसले. “तू चिडतेसच ना गं. मग म्हटलं, येऊन उभे राहिले दारात की चिडायला वेळच मिळणार नाही तुला.”

नवरा दारात येऊन उभा होता. मला रडू येत होतं, पण ते मी पुढे ढकललं. चोर सापडला होता, चूक कळली होती, हातात अजून तीन दिवस होते. पाहुण्यांचा अर्ज रद्द करायचा, पत्र लिहायचं, अप्पांची सही मागवायची, संपलं. मी फोन उचलला.

७

“अप्पा, सगळं कळलंय मला,” मी सुरुवातच केली. “तुमचा आणि ताईंचा उद्योग. त्यानं काय झालंय माहितेय? मोठा अर्ज बाद झालाय! पण घाबरू नका. मी पत्र लिहून पाठवते, तुम्ही शेजारच्यांकडून ते छापून घ्या, सही करा, आणि...”

“कुठे सही करू?” अप्पांनी विचारलं.

“मी फुली करते ना, तिथे.”

मशीन थांबलं. इतक्या वर्षांत मी फोनवर असताना मशीन थांबल्याचं मला आठवत नाही.

“नको करूस,” अप्पा म्हणाले.

“काय?”

“फुली नको करूस. बाद झाला तर होऊ दे.”

“अहो, सात वर्षं लागतील पुन्हा!”

“कळलं मला. हे बघ, रागावू नकोस. मला तुला बघायचंय. तुझं घर बघायचंय, जावईबापूंची ती लिफ्ट बघायचीय. पण मला तिथे राहायचं नाही गं. काय करू मी तिथे? तू दिवसभर चादरी मोजणार, जावईबापू खड्ड्यात, ताई दवाखान्यात. मी खिडकीत बसून ती तुझी साइट बघू? इथे माझ्याकडे अकरा मशिनी दुरुस्तीला पडल्यात. माणसं दारात येतात. हात चालतायत अजून माझे.”

“मग तीन वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं!” माझा आवाज फाटला.

“विचारलंस कधी? आई गेली आणि बाराव्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, 'अप्पा, मी तुमचा अर्ज भरतेय.' तू इतकी रडत होतीस, मी काय नाही म्हणणार? मग तुझे फोन यायचे. अजून तेच दाखवतंय, म्हणायचीस. जीव तोडून सांगायचीस.” ते थांबले. “आणि मला दर वेळी आतून बरं वाटायचं. म्हणायचो, चला, अजून थोडे दिवस इथे.”

मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले. सांगायला लाज वाटते, पण मी लहान मुलीसारखी रडले. तीन वर्षं मी रोज सकाळी जे मागत होते, तेच टळावं असं माझ्या बापाला वाटत होतं. साइटला हजार शिव्या घातल्या. तिनं निदान दर वेळी विचारलं तरी, तुम्ही कोण, नंबर काय, जन्मतारीख काय. मी तेवढंही विचारलं नव्हतं.

अप्पा पलीकडे नुसते ऐकत होते. त्यांनी फोन ठेवला नाही.

मंगळवारी मी कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत साइट उघडली. 'कारण लिहा' अशी मोठी चौकट होती, खाली सहीचं पान जोडायची जागा होती. खरं सांगते, माझ्या मनात आलं. अप्पांची सही मला डोळे मिटून करता येते. एक मिनिट लागलं असतं. मी चौकटीत बोट ठेवलं, आणि ती रिकामी ठेवून पान बंद केलं. मावशी समोरच एक चादर उजेडात धरून उभ्या होत्या.

संध्याकाळी ताईनं घाबरत घाबरत तिचा फोन माझ्यापुढे केला. पाहुण्यांच्या अर्जावर निरोप आला होता, पाहुणे किती आठवडे राहणार आणि परत कधी जाणार ते भरा. मी अप्पांना फोन लावून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. नवरा सोफ्यावरून उठून जवळ येऊन बसला.

“अप्पा, ते विचारतायत, किती आठवडे राहणार. जास्तीत जास्त बारा मिळतात. बारा लिहू?”

“सहा,” अप्पा म्हणाले.

“दहा लिहिते. लवकर जावंसं वाटलं तर जा.”

“सहा गं. लोकांना सांगून ठेवलंय मी.”

“आठ?”

“सहा.”

ताई माझ्याकडे बघत होती. नवरा फरशीकडे. मी एवढा राग आयुष्यात कधी गिळला नसेल.

“सात तरी, अप्पा,” मी म्हटलं.

मागे मशीन पुन्हा खडखडायला लागलं होतं. “तुला काय लिहायचंय ते लिही,” अप्पा म्हणाले. “पण मला विचारशील, तर सहा.”

मी सहा लिहिले.